कुशाबाईंचं तिसरं पाणी

उद्या अकरा वाजता कुशाबाई इंदापूरला पंचायत समितीत जाऊन एका कागदावर सही करणार आहेत. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे भाजी नीट धुतली गेली नाही व त्यामुळे विद्यार्थ्यांना बाधा झाली’ असं त्यावर लिहिलंय. कागद राजवर्धनने, म्हणजे आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाने, टाईप करून आणलाय. कुशाबाईंना तो कागद आता स्वतःलाच खरा वाटायला लागलाय, ही काळजी माझ्या डोक्यातून जात नाही. आज संध्याकाळी त्यांच्या घरी गेले तर चूल गार होती. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना रांधून घालणारी बाई तीन दिवस चहा आणि मुरमुऱ्यांवर आहे. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, “माझ्या हाताचं मलाच खाऊ वाटंना, ताई.”

माझी मुलगी उत्कर्षा आतल्या खोलीत झोपली आहे. मी स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. लिहिल्याशिवाय मला सगळं ओळीने दिसत नाही, ही कॉलेजपासूनची सवय.

आमची वस्ती कळसच्या पुढे, कॅनॉलच्या खालच्या अंगाला. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी, पट अठ्ठावन्न. कुशाबाई तिथे खिचडी शिजवतात. माहेर त्यांचं इथलंच. लग्न करून दिली माळेगाव बुद्रुकला. नवरा जोतीराम तिथल्या साखर कारखान्यावर आधी बैलगाडीने आणि मग कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर ऊस ओढायचा. एका गळीत हंगामात तापाने आठ दिवसांत गेला. कुशाबाई कडेवर मुलगी घेऊन भावाच्या वस्तीवर परत आल्या. भावाने एक खोली दिली, भावजयीने उंबरा दाखवून दिला, एवढंच त्या सांगतात. शाळेत खिचडी सुरू झाली तेव्हा स्वयंपाकघर नव्हतं. लिंबाखाली तीन दगड मांडून त्यांनी पहिलं पातेलं चढवलं. मुलगी त्या खिचडीवरच मोठी झाली, आता बारामतीला सासरी सुखात आहे.

त्यांच्या चष्म्याची एक काडी तुटली आहे, तिथे त्यांनी दोरा बांधलाय. तो दोरा कानाला गुंडाळून त्या तांदूळ निवडायला बसल्या की कुणी हाक मारायची नाही. वाढताना पट बघत नाहीत, पोरं नावाने मोजतात. “म्हस्कूची बारकी न्हाय आली व्हय? डब्यात भरून द्या कुणीतरी, तापात खिचडीच लागती पोराला.” पोरं त्यांना कुशाआज्जी म्हणतात आणि घाबरतातही, कारण ताटात दाणा टाकलेला त्यांना लांबून दिसतो.

आणि त्यांचं तीन पाण्यांचं. भाजी कुठलीही असो, तीन वेळा पाणी बदलून धुणार. मी एकदा विचारलं होतं तर बोटं मोजून म्हणाल्या, “पैलं पाणी मातीचं, दुसरं किड्याचं, तिसरं औषधाचं. आता रानात औषधाबिगर काय येतंय, ताई? तुमचं पण न्हाय येत.”

मी हसले होते. बारामतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. केलेल्या मला सातवी नापास बाईने शिकवलेलं हे रसायनशास्त्र तेव्हा गोड वाटलं होतं.

शाळेचं पाणी आमच्या बोअरचं. माझे सासरे महिपती आबा यांनी चौदा वर्षांपूर्वी आमच्या पाइपलाइनला जोड काढून शाळेच्या टाकीपर्यंत पाणी नेलं, फुकट. शाळेच्या भिंतीवर त्यांच्या नावाची फरशी आहे. पंधरा ऑगस्टला आबा टोपी घालून त्या फरशीजवळच उभे राहतात. नियमही त्यांचाच: आधी शाळा, मग रान. सकाळी मोटर चालू झाली की शाळेचा कॉक उघडायचा, टाकी भरली की आबांनी स्वतः जाऊन तो बंद करायचा, आणि मगच उसाचं ठिबक. चौदा वर्षांत हा क्रम मोडला नाही.

सोमवारी संकष्टी होती. पहाटेपासून लाईट नव्हती.

खिचडीची चव घ्यायला रोज एका पालकाने जायचं असा नियम आहे. मुलांना वाढायच्या आधी खाऊन बघायचं आणि वहीत सही करायची. सोमवारी माझी पाळी होती. मी बाराच्या आधी पोचले. खिचडी तयार होती, वर श्रावणघेवड्याच्या शेंगा दिसत होत्या. कुणीतरी आपल्या रानातला पाटीभर घेवडा शाळेला दिला होता. कुशाबाईंनी पळी पुढे केली.

“मावशी, चतुर्थी आहे आज.”

“अगं बया. मग वास घ्या आन् सही करा. गणपतीला वासानं पोचतं, तुमाला न्हाय का पोचणार?”

दोघी हसलो. मी वहीत ‘चव चांगली’ लिहिलं, सही केली. त्या स्वतः नेहमीसारख्या उंबऱ्यावर बसून वाटीभर खाऊन मोकळ्या झाल्या. पोरांच्या आधी आपण खायचं, हा त्यांचा स्वतःचा नियम, कुठल्या वहीत नाही. मी निघताना त्या म्हणाल्या, “लाईट साडेअकराला आली बघा. टाकीत आवाज येतोय पाण्याचा. जरा आधी आली असती तर बरं झालं असतं, पिंपातलं शनवारचं पाणी पुरवून पुरवून वापरलं.” मी हो म्हणून घरी आले.

सव्वादोनला मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

शाळेच्या व्हरांड्यात एकतीस पोरं आडवी होती. उलट्या, पोटात कळा. पण माझ्या लक्षात राहिलंय ते दुसरंच. पोरांच्या तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, अंग घामाने निथळत होतं. उभं केलं की पाय लटपटत होते. मी उत्कर्षाला शोधत होते. ती खांबाजवळ उभी होती, कोरडी ठणठणीत, दप्तर छातीशी धरून. मी तिला कवटाळलं आणि तेवढ्यात तिची मैत्रीण प्रगती तिच्या पायाशी पडलेली दिसली. कुशाबाई एकेका पोराचं तोंड पदराने पुसत होत्या. पदर भिजून गेला होता.

दोन पिकअप आणि अॅम्ब्युलन्समधून सगळ्यांना इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत तिथल्या व्हरांड्यात आमची अख्खी वस्ती जमली, आणि मग सुरू झालं.

“पाल पडली असणार पातेल्यात. माझ्या चुलत्याच्या गावाला असंच झालं व्हतं.”

“पाल पडली असती तर समदी पोरं पडली असती. सत्तावीस ठणठणीत कशी?”

“तांदूळच तसला येतोय. पावडर मारलेला.”

“लोणी देवकरच्या कंपन्यांचा वास येतो रातचा, कुणी काय बोलतं का? वारं इकडंच व्हतं काल.”

“वारं काय पोरं निवडून लागतंय व्हय रं?”

“साखरबाई, तुमचा नातू तीन ताटं खातो. त्याला उलटी झाली यात नवल काय?”

त्यावर दोघेतिघे हसले. साखरबाई नाही हसल्या. त्या आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या, जिभेला हाड नाही. म्हणाल्या, “हसा. म्हातारीला डोळ्यानं दिसतंय का आधी बघा. दोऱ्यानं चष्मा बांधती ती. तिला शेंग कुठली आन् आळी कुठली कळंना आन् आमची पोरं तिच्या जिवावर.”

“बाहेरचं काय असंल का? वडाजवळ परवा लिंबू व्हतं.”

“लिंबू सरबतवाल्याचं असंल.”

“पोरं म्हणत्यात पाणी कडू लागत व्हतं.”

“टाकीत ब्लिचिंग टाकलं असंल. कडूच लागतं.”

हे पाण्याचं बोलणं मी ऐकलं. आबांचं पाणी आहे, एवढंच मनात आलं, आणि मन पुढे गेलं.

रात्री आठच्या सुमाराला तालुक्याच्या पथकातल्या डॉक्टर रेश्मा बाहेर आल्या. वयाने लहान, पण आवाज खणखणीत. म्हणाल्या, “सगळी पोरं सावरतायत. दोघींना बारामतीला हलवलंय, त्याही धोक्याबाहेर आहेत. पण हे शिळ्या अन्नाचं वाटत नाही. पोरांच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्यात. शेतातलं औषध पोटात गेल्यासारखं दिसतंय. आज शाळेत काय खाल्लं, काय प्यायले, सगळं सांगा मला. पाणी कुठलं आहे?”

मी पुढे होऊन म्हटलं, “आमच्या बोअरचं आहे, मॅडम. चौदा वर्षं झाली. चांगलं आहे.”

तेवढ्यात मागून राजवर्धन म्हणाला, “खिचडीत घेवडा व्हता. बाहेरनं आलेला. फवारलेला असंल.”

सगळ्यांच्या माना कुशाबाईंकडे वळल्या. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. राजवर्धनने विचारलं, “मावशी, धुतला व्हता का घेवडा?”

“धुतला की.”

“तीन पाण्यानं?”

त्यांनी आधी बोटांवर मोजून बघितलं. खोटं बोलायला एवढा वेळ लागत नाही. मग म्हणाल्या, “दोन. पिंपात पाणी कमी व्हतं. लाईट नव्हती. तिसऱ्या पाण्यानं न्हाय धुतला.”

तिथे प्रश्न मिटला. एका क्षणात सगळ्या व्हरांड्याला कारण सापडलं. पाल गेली, कंपनी गेली, लिंबू गेलं. डॉक्टर रेश्मा म्हणत राहिल्या की शिजवलेल्या शेंगांमधून एवढं जाईल असं वाटत नाही, मग त्या बाईला स्वतःला काही कसं झालं नाही, रक्ताचे नमुने पुण्याला पाठवलेत, थांबा. कुणी ऐकत नव्हतं. “म्हाताऱ्या माणसाला पचतंय,” साखरबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी ओआरएसच्या रिकाम्या पुड्यावर स्वतःचा नंबर लिहून माझ्याकडे दिला. “तुम्ही शिकलेल्या दिसता. कुणाला काही आठवलं तर फोन करा. वेळ बघू नका.”

मोठ्या बाईंनी त्याच संध्याकाळी खबरदारी म्हणून शाळेची टाकी रिकामी करून धुवून घ्यायला सांगितली होती. कोण धुणार? आमचे हे धावत गेले. दिग्विजय, माझे यजमान. लोणी देवकरला कंपनीत आहेत, शिफ्ट संपवून आले ते थेट टाकीवर चढले. सगळ्यांनी कौतुक केलं. मीही.

मंगळवारी चौकशीला साहेब आले. खिचडीचा नमुना नेला, टाकीतलं नवीन पाणी बाटलीत भरून नेलं, चवीची वही उघडली. “ही सही कुणाची?” मी उभी राहिले. तोंड उघडणार तोवर कुशाबाईच बोलल्या.

“ताईंनी माझ्यासमोर खाल्ली, सायेब. वाटी भरून.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. किती सोपं होतं ते.

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. “मावशी, असं का सांगितलंत?”

“तर काय करू? तुमच्यावर नोटीस निघाली असती. तुमच्या सासऱ्याचं पाणी पिऊन शाळा चालती, ताई. तुमच्या घराचं नाव कशाला कागदावर.” मग पदर खोचून म्हणाल्या, “माझं एकटीचं व्हतं ते माझ्याकडंच राहू द्या.”

बुधवारी राजवर्धन कागद घेऊन त्यांच्या घरी गेला. सही केली तर प्रकरण इथेच मिटेल, नाही तर पोलीस केस, असं सांगून आला. तो वाईट माणूस नाही. त्याला मिटवायचंय. सगळ्यांनाच मिटवायचंय.

आज संध्याकाळी मी डब्यात पोळ्या घेऊन गेले. कुशाबाई अंगणात बसल्या होत्या. समोर एक पातेलं, त्यात मूठभर घेवड्याच्या शेंगा. त्या धूत होत्या. पाणी ओतून देत होत्या, पुन्हा घेत होत्या, पुन्हा हात फिरवत होत्या.

“काय करताय?”

“बघती, औषधाचा वास जातोय का. किती पाण्यानं जातोय.” त्यांनी एक शेंग नाकाशी धरली. “मला वासच येत न्हाय, ताई. दुसऱ्या पाण्याला बी न्हाय, पैल्याला बी न्हाय. नाक गेलं असंल माझं. म्हणून सोमवारी कळलं न्हाय.”

“मावशी, त्यात औषध नसेलच कदाचित.”

“मग पोरं कशानं पडली?” त्यांनी वर बघितलं. “एकोणीस वर्षं तिसरं पाणी चुकलं न्हाय. एक दिवस चुकलं आन् एकतीस पोरं पडली. आता तुमीच सांगा. तुमी शिकलेल्या हाव.”

मी डबा ठेवला. त्यांनी तो उघडला नाही.

घरी आले तर उत्कर्षा जेवत नव्हती. ताटात बोट फिरवत बसली होती. मी ओरडले. तशी ती रडायलाच लागली.

“मम्मी, प्रगती मरणार नाही ना?”

“नाही गं. बारामतीहून परवा येईल घरी.”

“तिने मला पाणी मागितलं होतं.”

“कुणी?”

“प्रगतीने. खिचडी खाल्ल्यावर. म्हणाली नळाच्या पाण्याला गोचिडाच्या औषधाचा वास येतोय, तुझ्यातलं दे. मी नाही दिलं. तू सांगितलंय ना बाटली कुणाला द्यायची नाही. मग ती नाक दाबून नळाचंच प्यायली.”

गेल्या वर्षी उत्कर्षाला टायफॉइड झाला. तेव्हापासून मी तिला घरच्या फिल्टरचं पाणी देते, बाटलीला नाव लिहून, आणि रोज बजावते की कुणाला उष्टी करू द्यायची नाही. माझी काळजी. ती बाटली. उत्कर्षाने दोन वेळा खिचडी घेऊन खाल्ली होती आणि तिला काही झालं नाही. कुशाबाईंनी खाल्ली, त्यांचा तांब्या सकाळीच शनिवारच्या पिंपातून भरलेला. पडली ती नळाचं पाणी प्यायलेली पोरं; वाचली ती घरून बाटली आणणारी, नाही तर वासाने न पिताच उठलेली असणार.

मी उठून भांडी घासायला घेतली. सिंकच्या वर दिनदर्शिका लटकते. आमच्या घरातली सगळी कामं तिच्या चौकोनांत असतात. गॅस कधी लावला, दूध कधी घेतलं नाही, आबांच्या डोळ्यांची तारीख. मी सोमवारचा चौकोन बघितला. लाल अक्षरांत संकष्टी छापलेली. त्याखाली माझ्या हाताने निळ्या पेनने: शाळा, चव. त्याखाली सासूबाईंनी माझ्याकडून लिहून घेतलेलं: आबा बारामती डोळे. आणि कोपऱ्यात ह्यांच्या तिरक्या अक्षरात एक शब्द: हुमणी.

हुमणी म्हणजे उसाची मुळं खाणारी अळी. तिचं औषध आम्ही ठिबकमधून सोडतो. ड्रममध्ये कालवून ठेवायचं, एक नळी ड्रममध्ये बुडवायची, मोटर चालू झाली की ती नळी औषध आपोआप ओढून घेते आणि पाण्याबरोबर पुढे जातं. पाणी जिकडे जाईल तिकडे. त्याचा वास गोचिडाच्या औषधासारखाच येतो. घरात कितीदा आलाय.

ओला हात तसाच त्या चौकोनावर टेकला गेला. संकष्टीच्या लाल अक्षरावर पाण्याचा डाग पडलाय, अजून वाळलेला नाही.

हे तिसऱ्या शिफ्टला निघायच्या तयारीत होते. ओसरीवर बूट घालत होते. आबा आत झोपले होते, म्हणून मी हळूच विचारलं.

“सोमवारी हुमणीचं औषध सोडलं होतं?”

“लाईट कुठं व्हती सोमवारी.”

“साडेअकराला आली होती.”

बुटाची नाडी त्यांच्या हातात तशीच राहिली.

“मोटर ऑटोवर होती का?”

“ऑटोवरच असती की. मी कामावर असल्यावर काय मोटर चालू करायला येणार हाय?”

“आणि शाळेचा कॉक?”

ते खाली बघूनच बोलले. “उघडून गेलो व्हतो सकाळी. म्हणलं लाईट आली की आधी टाकी भरंल. आबा बंद करत्यात. ड्रम रातीच भरून नळी लावून ठेवली व्हती, लाईटचा भरवसा न्हाय म्हणून. टाकी भरंस्तवर ती नळी आबाच वर काढून ठेवत्यात.”

“आबा सोमवारी बारामतीला होते.”

“व्हय.”

“तुम्हीच सोडलं त्यांना स्टँडवर. पहाटे.”

“व्हय म्हणलं ना!” आवाज चढला आणि लगेच उतरला. “सोडून आलो, परत आलो, कॉक उघडला आन् कामावर गेलो. रोज आबा बंद करत्यात. चौदा वर्षं आबाच बंद करत्यात. ध्यानातच न्हाय आलं की आबा न्हाईत.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“टाकीत उतरलो तवा.” त्यांनी नाकावरून हात फिरवला. “वास आला.”

म्हणजे सोमवार संध्याकाळपासून. चार दिवस. आम्ही एकाच ताटाच्या दोन बाजूंना बसून जेवत होतो.

“आणि तरी धुतलीत.”

“मग काय तशीच ठेवू? दुसऱ्या दिवशी परत प्यायली असती पोरं!”

हे खरं होतं. “सांगायचं होतं.”

“कुणाला सांगू? आबाला? त्यांच्या नावाची फरशी हाय तितं. म्हातारा जागेवर बसंल. मला आत घालतील. आन् पोरं बरी झाली की आता. कॉक काढून टाकलाय मी, कायमचा बंद केलाय, शाळेला टँकर लावू म्हणून राजवर्धनला बोललोय. परत व्हणार न्हाय.”

“कुशाबाई उद्या सही करणार आहेत.”

“करू दे. तिला काय व्हतंय? काम जाईल फार तर. मी तिला आपल्या रानात काम दीन. हयातभर दीन. शब्द देतो तुला.”

ते मनापासून बोलत होते. पंधरा वर्षं मी ह्या माणसाबरोबर राहतेय, त्यांनी दिलेला शब्द मोडलेला मला आठवत नाही. कुशाबाईंना त्यांनी खरोखर हयातभर काम दिलं असतं. खुरपायला. आमच्या उसात.

“त्या जेवत नाहीत,” मी म्हटलं. “त्यांना वाटतंय त्यांनीच पोरांना विष घातलं. शेंगा धूत बसल्यात.”

त्यांनी दुसरा बूट घातला. दारात थांबून म्हणाले, “सकाळी आल्यावर बोलू. तवर कुणाला काय बोलू नको. तुला उत्कर्षाची आण हाय.” गाडीचा आवाज डांबरी रस्त्यापर्यंत ऐकू आला.

सकाळी ते आठला येतील. कुशाबाईंना न्यायला राजवर्धनची गाडी नऊला येणार आहे.

मी तेव्हापासून लिहितेय आणि कुणाला सांगायचं याचाच विचार करतेय. आधी वाटलं, कुशाबाईंनाच फोन करावा. त्यांच्याकडे साधा फोन आहे, उशाशी घेऊन झोपतात, मुलीचा फोन येईल म्हणून. म्हणावं, सही करू नका, घेवड्याचा काही दोष नव्हता, तुमच्या दोन पाण्यांचाही नव्हता, पाणी आमचं होतं. पण त्या काय म्हणतील ते मला इथे बसून ऐकू येतंय. “मग तर बोलूच नका, ताई. आबाचं वय झालंय.” त्या तांब्याभर पाणी पितील, चूल पेटवतील, जेवतीलसुद्धा, कारण आता त्यांना स्वतःला कळलेलं असेल. आणि सकाळी उठून, धुतलेलं लुगडं नेसून, राजवर्धनच्या गाडीत बसून सही करून येतील. संकष्टीच्या वाटीभर खिचडीसारखं हेही झाकतील. मी पुन्हा मान हलवायची तेवढी.

आबांचं काय होईल मला माहीत नाही. ती फरशी त्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतली होती. ह्यांचं काय होईल तेही माहीत नाही. उत्कर्षाची आण घातलीय त्यांनी. मी मघाशी आत जाऊन तिच्याकडे बघून आले. तिच्या उशाजवळ नाव लिहिलेली बाटली आहे. तिने माझं ऐकलं आणि मैत्रिणीला पाणी नाही दिलं. आता तिने माझ्याकडून आणखी काय शिकायचं, ते मी सकाळपर्यंत ठरवायचंय, आणि तोवर थांबले तर थांबतच जाईन हे मला माझं माहीत आहे.

म्हणून ज्या बाई मला गप्प बसवणार नाहीत त्यांना फोन करायचा. ओआरएसचा पुडा डब्याखाली ठेवला होता, सापडला. आकडे शाईत जरा पसरलेत, पण वाचता येतात. काय सांगायचं ते इथे लिहून घेते, म्हणजे मध्येच आवाज गेला तरी वाचून सांगता येईल. माझं नाव. आबांचं नाव. बोअर, कॉक, ऑटो, साडेअकराची लाईट. औषधाची रिकामी बाटली मोटरच्या खोलीत, पत्र्यामागे आहे, नाव मी मघाशी जाऊन वाचून आले. चवीच्या वहीतली सोमवारची सही खोटी आहे, माझा उपास होता. आणि सगळ्यात आधी, बाकी काही बोलायच्या आधी: मॅडम, कुशाबाईंना उद्या सही करू देऊ नका.

नंबर लावतेय.